परळच्या चाळीतून दिसलेली सीमा

1917 च्या उन्हाळ्यात लंडनहून मुंबईकडे निघालेल्या एका जहाजावर जर्मन पाणबुडीने पाणतीर सोडला आणि ते बुडाले. ही बातमी मुंबईत येऊन थडकली तेव्हा परळच्या पोयबावडीतील बीआयटी चाळीत एका कुटुंबाच्या जिवाचे पाणी झाले. या घरातील भीमराव आंबेडकर हा तरुण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने शिक्षण अर्धवट टाकून परत येत होता. सुदैवाने तो दुसऱ्या जहाजावर होता. बुडालेल्या जहाजावर होते ते त्याचे सामान आणि मोठ्या कष्टाने जमवलेले ग्रंथ. युरोपातील राजघराण्यांच्या वैरातून पेटलेल्या युद्धाने परळच्या चाळीतील एका विद्यार्थ्याची पुस्तके समुद्राच्या तळाशी नेली होती. बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यासाठी लागणारा प्रवासखर्चही त्यांनी त्या सामानाच्या नुकसानभरपाईतूनच भागवला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव घेताच राज्यघटना, महाडचा सत्याग्रह आणि धर्मांतर या गोष्टी डोळ्यांसमोर येतात. युद्ध आणि शेजारी राष्ट्रे यांविषयी त्यांनी आयुष्यभर केलेला विचार मात्र त्या मानाने कमी चर्चिला गेला. युद्ध ज्या ठिकाणी सुरू होते त्या ठिकाणी ते थांबत नाही, ते शेजाऱ्यांच्या दारात जाते आणि त्याची किंमत अखेर गरिबाच्या ताटातून वसूल होते, ही त्यांच्या विचाराची दिशा होती. या दिशेची पाळेमुळे त्यांच्या घरातच सापडतात.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथील लष्करी छावणीत त्यांचा जन्म झाला. वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. आजोबा मालोजी हेही सैन्यात होते. मात्र 1890 च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली आणि ज्या वाटेने एका समाजाला शिक्षण व स्थैर्य मिळत होते ती वाट खुंटली. पहिल्या महायुद्धात मनुष्यबळाची गरज भासताच सरकारने महारांची 111 वी पलटण उभी केली. युद्ध संपल्यावर ती मोडण्यात आली. सैन्य कोणाचे असते, ते कोणासाठी लढते आणि काम सरल्यावर कोणाला विसरते, हा प्रश्न बाबासाहेबांसाठी केवळ पुस्तकी नव्हता.

कुटुंब मुंबईत आले ते लोअर परळच्या डबक चाळीत. पुढे पोयबावडीची बीआयटी चाळ आली. 1934 च्या सुमारास दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ उभे राहीपर्यंत बाबासाहेबांचे सार्वजनिक जीवन परळमध्येच घडले. बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना 1924 मध्ये परळच्या दामोदर हॉलशी निगडित आहे. 1936 मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. 7 नोव्हेंबर 1938 रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध झालेल्या संपात ते गिरणी कामगारांच्या बरोबरीने उभे होते.

या संपाला वर्ष पुरे होण्याआधीच युरोपात दुसरे महायुद्ध पेटले. 3 सप्टेंबर 1939 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय प्रतिनिधींना न विचारताच हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे घोषित केले. बाबासाहेबांना ही पद्धत मान्य नव्हती. परंतु नाझी सत्तेचा विजय झाला तर जगातील दुर्बलांना कोणीच वाली उरणार नाही, याबद्दलही त्यांच्या मनात संदेह नव्हता. म्हणून त्यांचा भर हिंदी लोकांना स्वसंरक्षणासाठी सज्ज करण्यावर राहिला. 1941 च्या जुलैत त्यांची राष्ट्रीय संरक्षण मंडळावर नेमणूक झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्यासाठी त्यांनी सातत्याने पाठपुरावा केला होता.

पोलंडच्या सीमेवर सुरू झालेले ते युद्ध हिंदुस्थानच्या दारात यायला अडीच वर्षे पुरली. डिसेंबर 1941 मध्ये जपान युद्धात उतरला. फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून पडले आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विशाखापट्टण व काकिनाडा येथे जपानी बॉम्ब पडले. ब्रह्मदेश गेल्याने तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. 1943 मध्ये बंगालच्या भीषण दुष्काळाने लाखो माणसे मारली आणि त्याच वर्षी मुंबईत शिधावाटप सुरू झाले. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा आणि कापूस भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला. शत्रूचे एकही विमान मुंबईवर आलेले नसताना युद्धाच्या सामग्रीनेच शहराचा एक भाग उद्ध्वस्त केला. या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. जुलै 1942 ते 1946 या कारकिर्दीत युद्धकाळातील कामगारांचे प्रश्न त्यांच्याच टेबलावर येत होते.

दरम्यान 1940 च्या अखेरीस त्यांचा पाकिस्तानविषयक ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. फाळणीच्या प्रश्नावर दोन्ही बाजू भावनेच्या भरात बोलत असताना त्यांनी हिशेब मांडला. फाळणी झाली तर हिंदुस्थानच्या संरक्षणाचे काय होईल, सीमा कोठे राहील, महसूल किती उरेल, सैन्य कोणत्या प्रांतांतून येते आणि वायव्येकडून आक्रमण झाले तर ते कोणाच्या बाजूने उभे राहील, असे प्रश्न त्यांनी एकामागून एक घेतले. नैसर्गिक सीमेपेक्षा विश्वासार्ह सैन्य अधिक मोलाचे, या निष्कर्षापर्यंत ते आले. त्यांच्या या मांडणीवर तेव्हा वाद झाले आणि आजही होतात. परंतु एका शेजाऱ्याशी युद्ध झाले तर त्याच्या पाठीमागे आणखी कोण उभे राहील, हा प्रश्न त्यांनी स्वतंत्र भारताची सीमा आखली जाण्याच्या सात वर्षे आधी विचारला होता, हे विसरता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न अधिक टोकदार झाला. जून 1950 मध्ये उत्तर कोरियाच्या सैन्याने दक्षिण कोरियावर चढाई केली. अमेरिका संयुक्त राष्ट्रांच्या ध्वजाखाली युद्धात उतरली आणि तिचे सैन्य आपल्या सीमेकडे सरकताच ऑक्टोबरमध्ये चिनी फौजा यालू नदी ओलांडून कोरियात शिरल्या. एका देशातील दोन राजवटींचे भांडण चार महिन्यांत महासत्तांच्या युद्धात बदलले. त्याच ऑक्टोबरमध्ये चिनी सैन्य पूर्व तिबेटमध्येही शिरले आणि वर्षभरात ल्हासाला पोहोचले. कोरियाकडे जगाचे लक्ष होते. तिबेटकडे फारच थोड्यांचे होते.

27 सप्टेंबर 1951 रोजी बाबासाहेबांनी नेहरू मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल हे त्यामागचे सर्वांत ठळक कारण होते. परंतु 10 ऑक्टोबरच्या निवेदनात त्यांनी परराष्ट्र धोरणावरील असमाधानही नोंदवले. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारताचे वाईट चिंतणारे कोणी नव्हते आणि चार वर्षांत मित्र मात्र दुरावले, ही त्यांची तक्रार होती. वार्षिक 350 कोटी रुपयांच्या महसुलापैकी 180 कोटी सैन्यावर खर्च होतात, हा आकडा त्यांनी देशापुढे ठेवला. उपाशी माणसाला अन्न देण्यासाठी आणि उद्योग उभारण्यासाठी पैसा उरणार कोठून, हा त्यामागचा सवाल होता. काश्मीरच्या प्रश्नावर त्यांनी विभागणीचा मार्ग सुचवला. जम्मू आणि लडाख भारताकडे राहावेत आणि सार्वमत घ्यायचेच असेल तर ते खोऱ्यापुरते घ्यावे, असे त्यांचे मत होते. हे मत सरकारला मान्य होण्यासारखे नव्हते. परंतु चिघळत राहिलेला सीमावाद आज ना उद्या इतरांना आत ओढतो, ही त्यांची काळजी रास्त होती.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईने बाबासाहेबांना पराभूत केले. ज्या परळ-दादरमध्ये त्यांनी आयुष्य घालवले, त्याच शहरात काँग्रेसच्या नारायण काजरोळकर यांनी त्यांच्यावर मात केली. त्यानंतर ते राज्यसभेवर गेले. 26 ऑगस्ट 1954 रोजी तेथे केलेल्या भाषणात त्यांनी पंचशीलावर विश्वास ठेवणाऱ्या धोरणाची परखड चिकित्सा केली. ल्हासा चीनच्या हाती जाऊ देऊन भारताने चीनची सीमा स्वतःच्या सीमेला आणून भिडवली आणि एका बाजूला पाकिस्तान व दुसऱ्या बाजूला चीन असा वेढा तयार झाला, असे त्यांनी सभागृहाला सांगितले. पंचशील हा बुद्धाच्या धम्मातला शब्द आहे आणि माओचा त्यावर खरोखर विश्वास असता तर त्याने आपल्या देशातील बौद्धांना निराळी वागणूक दिली असती, हा त्यांचा युक्तिवाद होता. तेव्हा भारत-चीन मैत्रीचे वारे जोरात वाहत होते. त्यांचे म्हणणे बहुतेकांना कडवट वाटले.

1955 च्या अखेरीस भाषिक राज्यांवर लिहिताना त्यांनी याच विचाराला नकाशाचे रूप दिले. भारत शेजाऱ्यांशी शांततेने राहू इच्छितो, म्हणून त्याला कधीच युद्धाला तोंड द्यावे लागणार नाही असे गृहीत धरता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दिल्ली शेजारी देशांच्या विमानांच्या टप्प्यात येते. तिबेट चीनकडे गेल्यानंतर कलकत्ताही निर्धास्त राहिले नाही. उरली मुंबई. पण मुंबई हे बंदर आहे आणि केंद्र सरकार येथे आणले तर त्याचे रक्षण करण्याइतके भारतीय नौदल समर्थ नाही, असे त्यांनी लिहिले. म्हणून हैदराबाद ही देशाची दुसरी राजधानी करावी, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. ज्या शहरावर त्यांचे सर्वाधिक प्रेम होते, त्या शहराबाबतही त्यांनी भावनेला हिशेबाच्या आड येऊ दिले नाही.

6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पार्थिव मुंबईत आणले गेले आणि राजगृहापासून निघालेली अंत्ययात्रा लाखोंच्या जनसागरातून दादर चौपाटीवर पोहोचली.

त्यानंतर सहाच वर्षांनी, 20 ऑक्टोबर 1962 रोजी चीनने हल्ला केला. सप्टेंबर 1965 मध्ये पाकिस्तानशी युद्ध सुरू असताना चीनने सिक्कीमच्या सीमेवरील ठाण्यांवरून भारताला निर्वाणीचा इशारा दिला. वेढ्याची कल्पना अतिशयोक्त नव्हती, हे त्या आठवड्यात अनेकांच्या लक्षात आले. 1971 मध्ये भारताने ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी करार केला आणि डिसेंबरात अमेरिकेच्या सातव्या आरमाराची जहाजे बंगालच्या उपसागरात आली. दोन शेजाऱ्यांचे युद्ध दोघांपुरते राहत नाही, हे पुन्हा दिसले. मात्र त्यांचा एक अंदाज याच युद्धाने मागे टाकला. ज्या नौदलावर त्यांचा भरवसा नव्हता, त्याच नौदलाने 4 डिसेंबरच्या रात्री कराची बंदरावर यशस्वी हल्ला केला.

हैदराबाद राजधानी झाली नाही. काश्मीरविषयीची त्यांची सूचना कागदावरच राहिली. त्यांचे सगळेच उपाय योग्य होते असे मानण्याचे कारण नाही. त्यांची विचार करण्याची रीत मात्र मागे पडलेली नाही. शेजाऱ्याच्या पाठीशी कोण आहे, सीमा किती दूर आहे, सैन्य कोणाच्या बळावर उभे आहे आणि खर्चाचा बोजा कोणावर पडतो, हे युद्धाची भाषा सुरू होण्याआधी विचारायचे असते. दरवर्षी 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, पुस्तके विकत घेतात आणि आपापल्या गावी परततात. त्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात हे हिशेबही असतात. ते वाचणाऱ्याला राजगृहाच्या ग्रंथालयात बसून देशाचा नकाशा न्याहाळणारे बाबासाहेबही भेटतात.