रसायनावर चालणारे ‘स्नायू’

शरीरातील स्नायूंना ना इंजिन लागते, ना चाके. रासायनिक ऊर्जेतून ते थेट हालचाल घडवतात. निर्जीव पदार्थालाही हे जमेल का, या प्रश्नाचा ध्यास आहरोन कात्झिर यांनी घेतला होता.

आजच्या पोलंडमधील वूच शहरात १९१४ मध्ये त्यांचा जन्म झाला. मूळ आडनाव कॅचाल्स्की. लहानपणीच ते कुटुंबासह पॅलेस्टाईनमध्ये आले. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात शिकून पुढे त्यांनी वाइझमन संस्थेत पॉलिमर संशोधनाचा विभाग उभारला.

१९५० मध्ये त्यांनी वर्नर कून व इतर सहकाऱ्यांसह पाण्याने भरलेल्या एका जेलचे गुणधर्म मांडले. अल्कली मिसळली की जेलमधील साखळ्यांवर ऋणभार येतो, त्या एकमेकींना दूर ढकलतात आणि जेल फुगते. आम्ल घातले की भार नाहीसा होऊन ते आकसते. आकसताना ते वजनही उचलते. १९६६ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी कोलॅजेनच्या तंतूंवर सतत फिरणारे यंत्र दाखवले. क्षाराच्या दाट द्रावणात तंतू आखडत, पातळ द्रावणात सैल होत.

३० मे १९७२ रोजी लोद विमानतळावरील दहशतवादी हल्ल्यात त्यांचा बळी गेला. वय होते अवघे ५७. त्यांचे शास्त्रज्ञ बंधू एफ्राईम पुढच्याच वर्षी इस्रायलचे राष्ट्राध्यक्ष झाले.

नाजूक वस्तू अलगद पकडणाऱ्या मऊ रोबोंसाठी आज अशीच जेल वापरून पाहिली जातात. अडचण वेगाची आहे: पाणी आत-बाहेर व्हायला वेळ लागतो. म्हणूनच जेलचे तंतू शक्य तितके बारीक केले जातात.