रेव्हरंड नारायण वामन टिळक : गोत्रापलीकडचे कुटुंब

रेव्हरंड टिळकांची कविता समजून घेताना त्यांच्या आयुष्यातील एक प्रश्न ध्यानात ठेवावा लागतो : आपले माणूस कोणास म्हणावे? या प्रश्नाचे उत्तर त्यांनी काव्यात शोधले, तसेच जीवनातही शोधले.

टिळकांचा जन्म 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आईकडून त्यांना काव्याची आणि भक्तीची गोडी लागली. वडिलांचा स्वभाव मात्र कठोर होता. आईच्या मृत्यूनंतर नारायण घराबाहेर पडले व नाशिकला येऊन शिकले. नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मुलीशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे 'स्मृतिचित्रे'कार लक्ष्मीबाई म्हणून प्रसिद्धीस आल्या.

1893 मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला. त्याच्या वाचनातून त्यांच्या मनात मोठे परिवर्तन घडले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाची किंमत जबर होती. आप्तेष्ट दुरावले; लक्ष्मीबाई मुलासह माहेरच्या आश्रयाला राहिल्या. ज्या धर्मात ईश्वर सर्वांचा पिता मानला जातो, त्या धर्मात प्रवेश करताना टिळकांना स्वतःचे घर मात्र गमवावे लागले. पुढे काही वर्षांनी पतिपत्नी पुन्हा एकत्र आली आणि 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनीही स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला. अहमदनगरचे त्यांचे घर अनाथ मुलांना आणि होतकरू कवींना आसरा देणारे ठरले. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, याच घरात काही काळ राहिले. त्यांच्यावर टिळक पतिपत्नीने पुत्रवत् माया केली. त्यासाठी धर्मांतराची अट घातली नाही.

नव्या कुटुंबातही टिळकांना उणीव जाणवली. परदेशी मिशनरी आणि देशी ख्रिस्ती यांच्यात धनी-चाकराचे नाते असू नये, असे त्यांना वाटे. ख्रिस्ती उपासनेने मराठी रूप धारण करावे म्हणून त्यांनी अभंग, भजन व कीर्तन यांचा आश्रय घेतला. वारकरी ज्या भावाने ज्ञानेश्वरांना माउली म्हणतात, त्याच भावाने त्यांनी ख्रिस्ताला माउली मानले. तुकारामांच्या भक्तीनेच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणले, अशी त्यांची धारणा होती.

1917 मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. या बंधुमंडळात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबरच बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. ही भूमिका धाडसाची होती. बाप्तिस्मा हे ख्रिस्तमंडळीचे प्रवेशद्वार मानले जात असता, टिळकांनी त्या दारापलीकडील माणसांनाही आपले भाऊ मानले. हा प्रयोग रुजण्यास मात्र पुरेसा अवधी मिळाला नाही; 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे अपूर्ण 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. धर्मांतरामुळे एके काळी दुरावलेल्या पत्नीनेच पतीचे ख्रिस्तचरित्र सिद्धीस न्यावे, यात त्या कुटुंबाच्या घडणीची साक्ष आहे.

सारांश, रक्त, जात आणि विधी यांपेक्षा भक्तीचे नाते टिळकांना व्यापक वाटले. त्यांच्या भक्तिकवितेतील वत्सलभावाचे मूळ या जीवनानुभवात आहे.

स्वयंअध्ययन प्रश्न : 'देवाचा दरबार' ही कल्पना टिळकांच्या कौटुंबिक अनुभवांशी कशी निगडित आहे, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.