वाघनखं ज्याच्या घरून लंडनला गेली, तो ग्रँट डफ नक्की होता तरी कोण?

शिवजयंती जवळ आली की परभणी, सेलू, जिंतूर कुठंही जा, स्टॉलवर भगव्या झेंड्यांच्या शेजारी पितळी वाघनखं, बिचवा, कट्यार आणि छोट्या ढाल-तलवारी मांडलेल्या दिसतात. कुणी बैठकीच्या भिंतीवर लावायला घेतं, कुणी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायला. हौशी संग्राहक तर ऑनलाइन मागवून अख्खं कपाट भरतात. विकणारा सांगतो, अगदी महाराजांच्या वाघनखांसारखीच आहेत, साहेब.

आता प्रश्न असा की कोणत्या वाघनखांसारखी? कारण ज्यांचा फोटो आपण व्हॉट्सॲपवर सगळ्यात जास्त वेळा पाहिलाय, ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं. आणि तिथं ती आली एका स्कॉटिश माणसाच्या घरातून. त्याचं नाव जेम्स ग्रँट डफ.

नाव शाळेत ऐकलेलं असतं, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा इंग्रज म्हणून. पण तो इंग्रज नव्हता, आणि साताऱ्यात होता तेव्हा डफसुद्धा नव्हता. हे डफचं प्रकरण नीट लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

8 जुलै 1789 रोजी स्कॉटलंडमधल्या बँफ या गावात जेम्स ग्रँटचा जन्म झाला. वडील लवकर गेले, आई मुलांना घेऊन ॲबर्डीनला आली. तिथं तो कॉलेजात शिकला. खरं तर त्याला ईस्ट इंडिया कंपनीत मुलकी नोकरी मिळेल अशी आशा होती. पण पोराला धीर नव्हता. फौजेतली कॅडेटची जागा मिळतेय म्हटल्यावर 1805 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यानं ती पत्करली आणि मुंबईची वाट धरली.

1808 साली काठेवाडातल्या मालियाच्या गढीवर हल्ला झाला, त्यात या पोरानं नाव कमावलं. पुढं फारसी शिकून दुभाष्या झाला. मग तो पुण्याचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या नजरेत भरला आणि त्याचा मदतनीस झाला. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात काय शिजतंय यावर बारीक लक्ष ठेवणारी जी मोजकी माणसं एल्फिन्स्टनजवळ होती, त्यात हा एक.

नोव्हेंबर 1817 मध्ये खडकीची लढाई झाली. फेब्रुवारी 1818 मध्ये आष्टीला बापू गोखले पडले आणि पेशव्यांसोबत फिरणारे साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. इंग्रजांनी त्यांना पुन्हा गादीवर बसवलं आणि जोडीला आपला माणूस ठेवला. तो माणूस म्हणजे कॅप्टन जेम्स ग्रँट. तिशीसुद्धा गाठलेली नव्हती, आणि शिवरायांच्या गादीचा कारभार प्रत्यक्षात त्याच्या हातात होता. 1819 च्या सप्टेंबरात तह झाला, आणि 1822 च्या एप्रिलमध्ये कारभार रीतसर छत्रपतींच्या हाती दिला गेला. प्रतापसिंहांशी त्याचं बरं जमायचं. पण बरं जमलं म्हणून मालकी बदलत नाही. राज्य साताऱ्याचं, लगाम कंपनीचा.

याच चार वर्षांत त्याला एक वेड लागलं. कागद.

छत्रपतींचं दफ्तर, पुण्याचं दफ्तर, देशमुख-जहागीरदारांच्या घरातल्या सनदा, बखरी, मुंबई आणि सुरतच्या वखारींची पत्रं, गोव्याच्या पोर्तुगीजांकडची माहिती, मिळेल ते तो जमवत आणि उतरवून घेत सुटला. दिवसा नोकरी, उरलेल्या वेळात हे. सत्ता हातात असल्यानं दारं पटापट उघडत होती, हेही खरं. दुसऱ्या कुणाला ती उघडली असती का, शंकाच आहे. शेवटी तब्येतीनं दगा दिला आणि तो स्कॉटलंडला परतला.

तिथं आईकडून ईडन नावाची इस्टेट त्याला मिळाली आणि तिच्यासोबत डफ हे आडनाव. 1825 च्या आसपासची ही गोष्ट. त्याच सुमारास लग्न झालं. 1826 साली मराठ्यांच्या इतिहासाचे तीन खंड छापून आले. एका प्रकाशकानं म्हणे नाव बदलायला सुचवलं होतं, मोगल आणि इंग्रज शब्द मथळ्यात आले तर पुस्तक खपेल असा त्याचा हिशोब. यानं ऐकलं नाही. मराठ्यांचं नाव कायम ठेवून स्वखर्चानं छापलं आणि पैसे घालवले.

या पुस्तकात 10 नोव्हेंबर 1659 चा प्रतापगडाचा प्रसंग आहे. बाहीत बिचवा, डाव्या हाताच्या बोटांत वाघनखं, असं वर्णन त्यानं केलंय. इंग्रजी वाचणाऱ्या जगाला वाघनख हा शब्द ठळकपणे कळला त्याला या पुस्तकाचा मोठा हात आहे.

आता त्या लंडनच्या वाघनखांकडे वळू.

ती म्युझियमला दिली ग्रँट डफच्या वंशजानं. सोबत एक पेटी होती आणि पेटीवर मजकूर. त्याचा आशय असा की ही शिवाजीची वाघनखं, यांनी त्यानं मोगल सेनापतीला मारलं, आणि ईडनचे ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट असताना पेशव्यांच्या पंतप्रधानानं ती त्यांना दिली.

वाचताना ठीक वाटतं. पण एकेक शब्द तपासा.

ईडनचे ग्रँट डफ. साताऱ्यात तर तो नुसता ग्रँट होता. म्हणजे हा मजकूर भारत सोडल्यावर, वर्षांनी लिहिलेला. मोगल सेनापती. अफझलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता, मोगलांचा नव्हे. ज्या माणसानं तीन खंड लिहिले तो ही चूक करेल? अवघडच. म्हणजे मजकूर बहुधा घरातल्या दुसऱ्याच कुणी तरी लिहवून घेतला. आणि पेशव्यांचा पंतप्रधान. जून 1818 मध्ये बाजीराव शरण येऊन ब्रह्मावर्ताला गेला होता, पेशवाई संपलेली होती. मग हा पंतप्रधान कोण? शिवाय महाराजांची वाघनखं छत्रपतींच्या घरात असायला हवीत, ती पेशव्यांच्या कारभाऱ्याकडे कशी गेली, हेही कोडंच.

म्युझियमनं कधी छाती ठोकून दावा केलेला नाही. ही शिवाजी महाराजांनी वापरलेलीच वाघनखं आहेत याची खात्री करता आलेली नाही, असंच ते सांगतात. तसं पाहिलं तर जुनी वाघनखं युरोपातल्या बऱ्याच संग्रहांत पडून आहेत. दोन अंगठ्या, एक पट्टी आणि खाली वाकडी नखं, घडवायला कुठल्याही चांगल्या लोहाराला जमेल अशी वस्तू. किंमत चढते ती तिच्यासोबतच्या गोष्टीमुळं.

ग्रँट डफच्या पुस्तकालाही महाराष्ट्रानं असंच तपासलं. कॅप्टन केपननं केलेला मराठी अनुवाद शाळांतून वाचला जात होता. 1867 च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणानं त्यातल्या चुका जाहीरपणे दाखवल्या. ग्रँटनं मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवलेल्या कागदांच्या नकला पुढं सापडल्या नाहीत, त्या जाळल्या गेल्याचा आरोपही झाला. अस्सल कागद पाहिजेत ही जिद्द तिथूनच वाढत गेली, आणि 1898 साली राजवाड्यांनी साधनांचा पहिला खंड काढला. ग्रँट डफ हे सगळं पाहायला नव्हता. 23 सप्टेंबर 1858 रोजी तो वारला. ज्या साहेबाच्या हाताखाली घडला त्याचं नाव त्यानं मुलाला दिलं होतं, आणि तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ 1881 साली मद्रासचा गव्हर्नर झाला.

ऑक्टोबर 2023 मध्ये राज्य सरकारनं लंडनला करार केला आणि जुलै 2024 मध्ये ती वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याच्या संग्रहालयात आली. कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी ती महाराजांची असल्याचा पुरावा नाही, हे तेव्हाही ठामपणे मांडलं. तरी लोकांनी बघायला गर्दी केली, ती पुढं नागपूरलाही गेली. करारात मात्र वस्तू उसनी आहे, मुदत संपली की परत लंडनला जायची आहे.