सीमूर क्रे : वेगासाठी उष्णतेशी झुंजलेला अभियंता

१९७० आणि ८०च्या दशकांत महासंगणक म्हटला की क्रे हेच नाव घेतले जाई. हे नाव ज्याचे, तो सीमूर क्रे २८ सप्टेंबर १९२५ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या चिपेवा फॉल्स या छोट्या गावात जन्मला. वडील स्थापत्य अभियंता होते. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात काम केल्यावर क्रे मिनेसोटा विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी आणि उपयोजित गणित शिकला. १९५७ साली स्थापन झालेल्या कंट्रोल डेटा कंपनीत त्याने आखलेला सीडीसी ६६०० हा संगणक १९६४ मध्ये जगात सर्वांत वेगवान ठरला.

क्रेपुढची अडचण सरळ होती. विजेचा संदेश एका नॅनोसेकंदात फार तर एक फूट जातो. वेग हवा तर तारा आखूड हव्यात, म्हणजे सगळे भाग एकमेकांना खेटून बसवायला हवेत. पण खेटून बसवले की उष्णता कोंडते. म्हणून त्याच्या संगणकांत थंडावा ही शेवटी जोडलेली सोय नसे. यंत्राचा आकारच तिच्याभोवती ठरे. सीडीसी ६६०० मध्येही फ्रिजप्रमाणे फ्रेऑन वायू वापरला होता.

१९७२ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली. १९७६ चा क्रे-१ वरून पाहिल्यास इंग्रजी 'सी' अक्षरासारखा दिसे. वजन सुमारे पाच टन, वीज सुमारे ११५ किलोवॉट. चिपची उष्णता आधी तांब्याच्या पत्र्यात, तिथून ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्यांत आणि पट्ट्यांतल्या पोलादी नळ्यांमधून वाहणाऱ्या फ्रेऑनमध्ये जाई. सुरुवातीला यंत्रणेतून तेल गळून सर्किटवर साचू लागले, तेव्हा जोडकाम नव्याने करावे लागले.

घरच्या डेस्कटॉपमध्येही मार्ग हाच असतो: चिप, थर्मल पेस्ट, तांब्याचा तळ, नळीतला द्रव, पंख्याची हवा. यातला एक दुवा निसटला, समजा पेस्ट सुकली किंवा जाळीत धूळ बसली, तर बाकीचे चांगले असूनही पारा चढतो. कामाच्या भरात प्रोसेसर ६० ते ८५ अंश सेल्सिअसला असेल तर काळजीचे कारण सहसा नसते. बहुतेक प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोहोचल्यावर तो स्वतःच वेग कमी करतो. आपल्या मॉडेलची मर्यादा उत्पादकाच्या तक्त्यात पाहावी.

१९८५ च्या क्रे-२ मध्ये क्रेने सगळी सर्किटेच फ्लोरिनर्ट या वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवली. पारदर्शक टाकीतून उसळते बुडबुडे दिसत. दिसायला गमतीचे, पण दुरुस्तीआधी द्रव काढून घ्यावा लागे.

याच काळात भारतालाही क्रे कंपनीचा महासंगणक हवा होता. अमेरिकेने प्रगत यंत्र नाकारले आणि हवामान अंदाजासाठी कमी क्षमतेचे दिले. त्यातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला.

पुढचा क्रे-३ गॅलियम आर्सेनाइडच्या चिपवर होता, पण तो महाग पडला. एकच यंत्र वापरासाठी दिले गेले आणि १९९५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. क्रेने पुन्हा नवी कंपनी काढली. मात्र २२ सप्टेंबर १९९६ रोजी कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे त्याच्या गाडीला अपघात झाला आणि ५ ऑक्टोबरला, वयाच्या ७१ व्या वर्षी, त्याचे निधन झाले.