निकोलाय पिरोगोव
निकोलाय इवानोविच पिरोगोव (२५ नोव्हेंबर, १८१० – ५ डिसेंबर, १८८१) हे रशियन शल्यचिकित्सक, शरीररचनाशास्त्रज्ञ व शिक्षणतज्ज्ञ होते. एकाच वेळी मोठ्या संख्येने येणाऱ्या जखमींची वर्गवारी आणि त्यांचे स्थलांतर यांची पद्धत घालून देणाऱ्या आद्य शल्यचिकित्सकांत त्यांची गणना होते.

पूर्वायुष्य
पिरोगोव यांचा जन्म मॉस्को येथे झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी मॉस्को विद्यापीठात वैद्यकाच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेतला. १८३६ साली ते दोर्पात (सध्याचे तार्तू, एस्टोनिया) येथील विद्यापीठात प्राध्यापक झाले व १८४१ साली सेंट पीटर्सबर्गच्या वैद्यक अकादमीत रुजू झाले. गोठविलेल्या शवांचे छेद घेऊन त्यांनी शरीररचनेचा चित्रसंग्रह सिद्ध केला. १८४७ साली कॉकेशसमधील युद्धात त्यांनी जखमींवर इथरची भूल देऊन शस्त्रक्रिया केल्या.

सेव्हास्तोपोल
क्रिमियन युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, ते वेढा पडलेल्या सेव्हास्तोपोल शहरात पोहोचले. मुख्य उपचार केंद्र उमराव सभेच्या इमारतीत होते. तोफांचा भडिमार झाला की तेथे जखमींची रीघ लागे. सर्वांना एकदमच मदत करण्याच्या धडपडीत वैद्य एका जखमीकडून दुसऱ्याकडे धावत आणि त्यात वाचू शकणारे रुग्णही दगावत. शस्त्रक्रियेच्या कौशल्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, येथे व्यवस्थेची गरज आहे, हे पिरोगोव यांनी ओळखले.

त्यांनी दारातच जखमींचे गट पाडले. तातडीच्या शस्त्रक्रियेने वाचू शकणारे प्रथम घेतले जात. ज्यांची शस्त्रक्रिया लांबणीवर टाकता येई, त्यांना पुढील रुग्णालयांकडे पाठविण्यात येई. किरकोळ जखमींना मलमपट्टी करून पलटणीत परत धाडले जाई. ज्यांच्या जगण्याची आशा उरली नव्हती, त्यांना परिचारिका व धर्मगुरू यांच्या स्वाधीन केले जाई. हा निर्णय कठोर होता. परंतु त्यामुळेच इतरांचे प्राण वाचविण्यास अवधी मिळाला.

स्थलांतराकडेही त्यांनी तितकेच लक्ष दिले. प्लॅस्टरने अस्थिभंग स्थिर केल्यामुळे अनेकांचा अवयव कापण्याची वेळ टळली व त्यांना गाडीतून नेणे शक्य झाले. दाटीवाटीच्या रुग्णालयांत जखमा चिघळतात, हे जंतुसिद्धान्त प्रस्थापित होण्यापूर्वीच त्यांनी निरीक्षणाने जाणले होते. म्हणून जखमींना एकाच ठिकाणी न साठविता अनेक ठिकाणी विखरून ठेवावे, असा त्यांचा आग्रह असे. परिचारिकांची कामे त्यांनी वाटून दिली. मलमपट्टी, औषधे, कोठार आणि प्रवासातील देखभाल यांसाठी स्वतंत्र गट नेमण्यात आले.

उत्तरायुष्य व वारसा
पुढे १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धातील आणि १८७७-७८ च्या रशिया-तुर्कस्तान युद्धातील रुग्णव्यवस्थेची त्यांनी पाहणी केली. विनित्सा (युक्रेन) नजीकच्या आपल्या गावी त्यांचे निधन झाले. त्यांचा देह तेथे आजही जतन केलेला आहे.

जखमींच्या वर्गवारीचे श्रेय एकट्या पिरोगोव यांचे नाही. हुद्दा न पाहता गंभीर जखमींना प्राधान्य देण्याचा दंडक नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक लारे यांनी आधीच घातला होता. मात्र वर्गवारी, स्थिरीकरण आणि पांगवणूक ही एकाच व्यवस्थेची अंगे आहेत, हे पिरोगोव यांनी प्रत्यक्ष कार्यातून दाखवून दिले. अपघात वा भूकंपानंतर आजही रुग्णालयाच्या दारात प्रथम वर्गवारीच केली जाते.