मराठीचे पाणिनी : दादोबा पांडुरंग तर्खडकर

स्वारगेटच्या एस. टी. स्थानकावर घटकाभर थांबले, तरी सातारा, सांगली, सोलापूरकडील बोलींचे निरनिराळे सूर कानी पडतात. आईचे बोट धरून चाललेले बालकही ‘दादाने आंबा खाल्ला’ आणि ‘दादाने पोळी खाल्ली’ हा भेद अचूक पाळते. हा कर्मणी प्रयोग त्यास कोणी शिकविला? व्याकरणाचे ज्ञान उपजत की अर्जित, या प्रश्नासरशी दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे स्मरण होते.

दादोबांचा जन्म मुंबईत ९ मे १८१४ रोजी झाला. व्याकरण म्हणजे संस्कृताचे. मातृभाषेस त्याची काय गरज, असा समज रूढ असण्याचा तो काळ. अशा काळात वयाच्या २२व्या वर्षी, १८३६ साली, त्यांनी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले. पुढे ते शिक्षक झाले, सरकारी अधिकारी झाले. १८४९ साली परमहंस सभेच्या स्थापनेत अग्रभागी राहून जातिभेदाविरुद्ध उभे ठाकले. परंतु व्याकरणाचा ध्यास सुटला नाही. १८६५ साली ‘लघु व्याकरण’ आणि १८८१ साली ‘पूरणिका’ सिद्ध झाली. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांचे देहावसान झाले. बालपणी सहज मुखी आलेल्या भाषेचे नियम शब्दबद्ध करण्यास एवढ्या बुद्धिमान पुरुषास ४५ वर्षे पुरली नाहीत!

विसाव्या शतकात नोम चोम्स्की यांनी भाषाग्रहणाची शक्ती जन्मजात असल्याचे प्रतिपादिले. इतर अभ्यासकांनी श्रवण व सहवास यांवर भर दिला. लहान मूल ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणते, तेव्हा ते केवळ अनुकरण करीत नसते. नियम स्वतःच शोधीत असते. मात्र तेच मूल गुजराती घरात वाढले, तर गुजरातीच बोलेल. म्हणजे शक्ती उपजत, भाषा सहवासाची आणि नियमांची जाण मात्र अभ्यासाची.

बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी संस्कृताबरोबरच प्राकृत व अपभ्रंश यांनाही आपल्या व्याकरणात स्थान दिले. लोकांच्या बोलण्यातही नियम असतो, ही ती थोर दृष्टी. दादोबांचे कार्य त्याच वाटेवरचे आहे.

आजही खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याच्या बोलीस अशुद्ध म्हणून हसले जाते आणि ते मूल वर्गात मुके होते. त्यास प्रमाणभाषा अवश्य शिकवावी. परंतु व्याकरण घेऊनच ते शाळेत आले आहे, हे विसरू नये. दादोबांना हेच खरे अभिवादन ठरेल.