डॉ. एडिथ पीची-फिप्सन : शिक्षिकेची झाली डॉक्टर

मुंबईचे कामा इस्पितळ कोणाला ठाऊक नाही? आपल्यापैकी कित्येकींच्या घरची बाळंतपणे तेथे झाली असतील. परंतु १८८६ साली हे इस्पितळ उघडले तेव्हा त्याची सूत्रे ज्या डॉक्टरीणबाईंच्या हाती होती, त्या आधी काही वर्षे मुलांना शिकवून पोट भरणाऱ्या एक साध्या शिक्षिका होत्या, ही गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. डॉक्टर होऊन त्यांनी काय केले याइतकेच, त्या डॉक्टर कशा झाल्या हेही सांगण्यासारखे आहे. म्हणून या स्मरणिकेत त्यांचे चरित्र थोडक्यात देत आहे.

एडिथ पीची यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८४५ रोजी इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातील लँगहॅम या गावी झाला. वडील विल्यम पीची हे बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. त्यांचे शिक्षण एडिंबरो विद्यापीठात झालेले होते. आई एका वकिलाची मुलगी. त्या काळच्या बायकांत दुर्मिळ अशी गोष्ट म्हणजे आईला ग्रीक भाषा येत होती. घरात पैसा बेताचा, पण पुस्तके भरपूर. एडिथचे शिक्षण मुख्यतः घरीच झाले. पुढे त्या काळी सुशिक्षित पण गरीब घरच्या मुलीला जो एकच मानाचा मार्ग खुला असे तो त्यांनी धरला, म्हणजे मुलांना शिकवण्याचे काम पत्करले. वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत त्या हेच काम करीत होत्या. काम वाईट नव्हते. पण त्यांचे मन वैद्यकाकडे ओढ घेत होते, आणि वैद्यकाचे दार तर स्त्रियांना बंद होते.

इंग्लंडात त्या वेळी एकाही विद्यापीठात स्त्रीला वैद्यकाच्या शिक्षणासाठी प्रवेश नव्हता. १८६९ च्या वसंत ऋतूत सोफिया जेक्स-ब्लेक नावाच्या एका धीट बाईंनी एडिंबरो विद्यापीठाकडे अर्ज केला. विद्यापीठाने उत्तर दिले की, एकट्या बाईसाठी वेगळी व्यवस्था करणे शक्य नाही. नकार देणाऱ्यांना वाटले, विषय संपला. पण जेक्स-ब्लेकबाईंनी त्या नकारातूनच वाट काढली. एकटीसाठी होत नसेल तर आणखी काही जणी मिळवू, असे ठरवून त्यांनी वर्तमानपत्राद्वारे इतर स्त्रियांना हाक दिली. त्या हाकेला ज्यांनी ओ दिली त्यांत एडिथ पीची होत्या.

पीचीबाईंनी त्या वेळी जेक्स-ब्लेकबाईंना लिहिलेले पत्र आजही वाचायला मिळते, आणि ते प्रत्येकीने समजून घ्यावे असे आहे. त्या पत्रात आपल्या हुशारीचा डौल नाही, तसाच रडका सूरही नाही. बेताची बुद्धी आणि चिकाटी एवढ्यावर या कामात यश मिळेल का, असे त्यांनी सरळ विचारले. या दोन गोष्टी आणि विषयाची आवड आपल्याजवळ आहे असे त्यांनी सांगितले, आणि लागलीच आपल्यात काय उणे आहे तेही मांडले. प्रवेशपरीक्षेला लॅटिन लागे. ते आपल्याला थोडेच येते, आणि युक्लिडची भूमिती तर त्याहूनही कमी येते. तेव्हा आधी बराच अभ्यास केल्याशिवाय आपण ही परीक्षा उतरणार नाही, असे त्यांनी प्रामाणिकपणे कळवले.

नवे काम हाती घेताना आपल्याजवळ काय आहे आणि काय नाही याचा असा चोख हिशेब मांडणे हीच निम्मी तयारी असते. नुसती हौस असणारी माणसे पुष्कळ असतात, आणि आपल्याला जमणार नाही म्हणून घरी बसणारीही पुष्कळ असतात. पीचीबाई या दोन्हींतल्या नव्हत्या. उणीव मोजली की ती भरून काढता येते, हे मुलांना शिकवताना त्यांना कळले असले पाहिजे. शाळेतल्या कच्च्या मुलाला पक्के कसे करावे हे जिला माहीत आहे, तिने ती रीत स्वतःला लावली. त्यांनी उन्हाळाभर लॅटिन आणि गणिताची तयारी केली.

१९ ऑक्टोबर १८६९ रोजी प्रवेशपरीक्षा झाली. इंग्रजी, लॅटिन आणि गणित हे विषय सक्तीचे होते, आणि त्यांशिवाय आणखी दोन विषय निवडून घ्यायचे होते. परीक्षेला एकूण १५२ उमेदवार बसले. त्यांत स्त्रिया फक्त पाच होत्या. निकाल लागला तेव्हा पहिल्या सात नंबरांत चार स्त्रिया होत्या! पीचीबाईंना चोविसावे वर्ष पुरे होऊन त्या वेळी बाराच दिवस झाले होते. पुढे या पाचांत आणखी दोघींची भर पडली, आणि इतिहासात या विद्यार्थिनींना एडिंबरोच्या सात जणी असे नाव मिळाले.

प्रवेश मिळाला म्हणजे सारे मिळाले असे झाले नाही. स्त्रियांचे वर्ग पुरुषांपासून वेगळे भरत. विद्यार्थिनी थोड्या, म्हणून फी जास्त. शिवाय त्यांना शिकवायचे की नाही हे त्या त्या प्राध्यापकाच्या मर्जीवर असे. तरीही रसायनशास्त्राच्या पहिल्याच परीक्षेत पीचीबाईंनी प्रथमच त्या वर्गात बसलेल्या सर्व विद्यार्थ्यांत पहिला नंबर मिळवला. नियमाप्रमाणे होप शिष्यवृत्ती त्यांना मिळायला हवी होती. पण पुरुष विद्यार्थी नाराज होतील या धास्तीने प्राध्यापकांनी ती त्यांच्या खालच्या नंबरच्या मुलाला दिली. कारण असे सांगितले की, बायकांचा वर्ग वेगळ्या वेळी भरतो, तेव्हा त्या खऱ्या अर्थाने वर्गातल्या नव्हेत. वेगळ्या वेळी बसवले कोणी, हे मात्र कोणी विचारले नाही. यातली गंमत अशी की, होप नावाच्या ज्या प्राध्यापकांनी ही शिष्यवृत्ती ठेवली, त्यांनी चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी खास स्त्रियांसाठी रसायनशास्त्राची व्याख्याने दिली होती, आणि त्या व्याख्यानांच्या फीच्या पैशातूनच ही शिष्यवृत्ती उभी राहिली होती. बायकांच्याच पैशांतली शिष्यवृत्ती बाईला नाकारली गेली! ही बातमी वर्तमानपत्रांत गाजली आणि ज्यांना या सात जणींची नावेही ठाऊक नव्हती, अशा लोकांची सहानुभूती त्यांच्याकडे वळली.

१८ नोव्हेंबर १८७० रोजी तर कहर झाला. त्या दिवशी सर्जन्स हॉल या इमारतीत शरीररचनाशास्त्राची परीक्षा होती. या स्त्रिया तेथे पोहोचल्या तेव्हा शेकडो विद्यार्थी रस्ता अडवून उभे होते. त्यांनी शिव्याशाप दिले, अंगावर चिखल फेकला, आणि फाटक त्यांच्या तोंडावर लावून घेतले. शेवटी आतून दार उघडून त्यांना आत घेण्यात आले. चिखलाने माखलेल्या कपड्यांनिशी त्या परीक्षेला बसल्या. मध्येच कोणीतरी एक मेंढी वर्गात सोडली. तरी कोणीही पेपर टाकून उठली नाही.

एवढे सोसून पदरात काय पडले? प्रकरण न्यायालयात गेले आणि १८७३ साली निकाल विरुद्ध लागला. विद्यापीठाने स्त्रियांना मुळात प्रवेश द्यायलाच नको होता, असे न्यायाधीशांनी ठरवले. म्हणजे चार वर्षे अभ्यास झाला, फी भरली, परीक्षा दिल्या, आणि हातात पदवी नाही. पीचीबाई आता अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. परत शिकवण्याच्या कामाकडे वळल्या असत्या तर कोणी नावे ठेवली नसती. पण त्या वळल्या नाहीत. त्यांनी बर्मिंगहॅमच्या स्त्रियांच्या इस्पितळात काम करून अनुभव घेतला आणि पदवीसाठी स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठाची वाट धरली. तेथे परीक्षा जर्मन भाषेत द्यायची होती. एकेकाळी लॅटिनची धास्ती घेणाऱ्या या बाईंनी आता परक्या भाषेत वैद्यकाचे पेपर लिहिले, आणि १८७७ च्या जानेवारीत त्या एम. डी. झाल्या. त्याच सुमारास आयर्लंडच्या वैद्यक महाविद्यालयाने स्त्रियांना परवाना द्यायचे ठरवले होते. मे महिन्यात डब्लिनला ती परीक्षाही उतरून त्या कायदेशीर डॉक्टर झाल्या. पहिल्या अर्जापासून येथवर आठ वर्षे लागली होती.

पुढील सहा वर्षे त्यांनी लीड्स शहरात व्यवसाय केला आणि तेथे त्यांचा जम बसला. पण त्यांचे खरे कार्यक्षेत्र आपल्या मुंबईत होते. आपल्याकडे त्या वेळी पडद्यातल्या आणि सोवळ्यातल्या कितीतरी बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देण्यापेक्षा मरण पत्करीत. हे पाहून जॉर्ज किट्रेज हे अमेरिकन व्यापारी आणि शेठ सोराबजी शापूरजी बंगाली यांनी मुंबईत एक फंड उभारला. शेठ पेस्तनजी होरमसजी कामा यांनी स्त्रियांच्या इस्पितळासाठी मोठी देणगी दिली. हे इस्पितळ स्त्री डॉक्टरांच्याच ताब्यात असावे असा फंडवाल्यांचा आग्रह होता. तेथे मुख्य म्हणून यावे अशी विनंती डॉ. पीचींना करण्यात आली आणि त्यांनी ती मानली. डिसेंबर १८८३ मध्ये त्या मुंबईस आल्या. वय अडतीस. येथेही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होती. रोग्याचे दुखणे दुभाष्याच्या तोंडून कळत नाही हे जाणून त्या हिंदुस्थानी शिकल्या. आधी जाफर सुलेमान दवाखान्यात आणि पुढे कामा इस्पितळात त्यांनी काम पाहिले, परिचारिकांना शिक्षण दिले. मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवरही त्यांची नेमणूक झाली. १८८९ साली मुंबईतील व्यापारी आणि स्त्री-वैद्यक फंडाचे कार्यकर्ते हर्बर्ट फिप्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतरही त्यांचे काम थांबले नाही.

याच काळात मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. लहानपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, असे म्हणणाऱ्या रखमाबाईंना १८८७ मध्ये न्यायालयाने नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा असा हुकूम केला. तुरुंगात जाईन, असे त्यांनी ठरवले होते. १८८८ साली तडजोड होऊन त्या सुटल्या, पण पुढे काय, हा प्रश्न होताच. वैद्यक शिकण्याची त्यांची इच्छा होती. शाळेतला क्रमवार अभ्यास मात्र झालेला नव्हता. जे काही शिकल्या ते घरी बसून, पुस्तके वाचून. डॉ. पीचींनी त्यांना धीर दिला आणि त्यांच्या इंग्लंडला जाण्यासाठी खटपट केली. १८८९ साली रखमाबाई निघाल्या तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या घरात होते, म्हणजे पीचीबाईंनी एडिंबरोची परीक्षा दिली जवळजवळ त्याच वयाचे. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक शाळेत शिकून १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, आणि पुढे सुरत व राजकोट येथे त्यांनी कित्येक वर्षे बायकांची सेवा केली. ज्या शाळेत त्या शिकल्या ती शाळा जेक्स-ब्लेकबाईंच्या पुढाकाराने १८७४ साली निघाली होती. एडिंबरोने ज्यांना बाहेर काढले त्यांनीच दुसऱ्या गावी दार बांधले, आणि त्या दारातून आपल्या मुंबईची एक मुलगी आत गेली.

बालविवाहाच्या चालीविरुद्ध डॉ. पीचींनी १८९० साली मुंबईतील हिंदूंपुढे भाषण केले. मुलीचे शरीर कोवळे असताना तिच्यावर बाळंतपण लादल्याने काय होते, हे त्या रोज डोळ्यांनी पाहत होत्या. प्रकृतीमुळे १८९४ मध्ये त्यांनी कामा इस्पितळातून निवृत्ती घेतली, तरी व्यवसाय चालू ठेवला. १८९६ च्या प्लेगच्या साथीतही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९०५ साली पतिपत्नी इंग्लंडला परतली. १९०७ च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी पावसाचिखलातून मोर्चा निघाला. त्यात या साठी उलटलेल्या बाई चालल्या. सदतीस वर्षांपूर्वी अंगावर चिखल घेऊन परीक्षेला बसणाऱ्या बाईला त्या चिखलाचे काय वाटणार? पुढल्याच वर्षी, १४ एप्रिल १९०८ रोजी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पतीने त्यांच्या नावे लंडनच्या त्याच वैद्यक शाळेत शिष्यवृत्ती ठेवली. जिला एक शिष्यवृत्ती नाकारली होती, तिच्या नावाची शिष्यवृत्ती इतर मुलींना मिळू लागली.

एडिंबरो विद्यापीठाने ६ जुलै २०१९ रोजी या सात जणींना मरणोत्तर वैद्यक पदवी दिली. प्रवेशपरीक्षेनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी! पण ज्या बायकांची बाळंतपणे पीचीबाईंच्या हातून सुखरूप झाली, त्यांनी कधी त्या पदवीची वाट पाहिली नव्हती.

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या शिक्षणवर्गाविषयी बोलणे निघाले की कोणी ना कोणी म्हणतेच, आता या वयात काय शिकायचे, आमचे गणित कच्चे, इंग्रजी तर येतच नाही. पीचीबाईंचेही लॅटिन कच्चे होते आणि भूमिती त्याहून कच्ची होती. त्यांनी ते लपवले नाही, आणि तेवढ्यासाठी अर्ज करायचाही ठेवला नाही. आपल्याला काय येत नाही याची यादी करून जी बाई वर्गात येऊन बसते, तिचा अभ्यास त्याच दिवशी सुरू झालेला असतो. अशी यादी घेऊन येणाऱ्या प्रत्येक भगिनीचे आपल्या वर्गात स्वागत आहे.